घोडनदीच्या माशांची नावे

दसरा झाला की आमच्यापैकी तिघे-चौघे रविवारी गळ घेऊन पाण्याकाठी जाऊन बसतात. कोणी शिरूरला शिकवतो, कोणी दौंडला. विषय मात्र सर्वांचा एकच, मराठी. श्रावणापासून नवरात्र उठेपर्यंत आमच्याकडच्या बहुतेक घरांत मासे शिजत नाहीत, आणि शिजवायचे म्हटले तरी त्या दिवसांत नदीचे पाणी इतके गढूळ असते की गळाला काही लागत नाही. आश्विनाच्या उत्तरार्धात पाणी निवळते, पहाटेचा गारवा सुरू होतो, आणि मासे काठाच्या उथळ पाण्यात चरायला येतात. चिंचणीच्या घोड धरणाचा फुगवटा, नाहीतर वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव, हे आमचे ठरलेले मुक्काम. कळकाची काठी, तंगूस, ज्वारीच्या चिपाडाचा तरंगा आणि हळद घालून मळलेली कणीक एवढ्या सामग्रीवर दिवस निघतो. हाती लागते ती बहुधा चिलापी. तिची चव काही फार वाखाणण्यासारखी नाही; पण आम्ही जातो ते चवीसाठी नव्हेच.

काही वर्षांपूर्वीच्या कार्तिकात चिंचणीच्या पाण्यात आमच्यातल्या एकाच्या गळाला निराळाच मासा लागला. पाठ काळसर, पोट रुपेरी, अंगाने लांबट आणि ताकदीने असा की काठी धनुष्यासारखी वाकली. सोबत पदवीच्या वर्गातला एक विद्यार्थी होता. त्याने सहज विचारले, "सर, ह्याला काय म्हणायचं?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. मत्स्य, मीन, मासा आणि मासोळी या शब्दांची कुळकथा आम्हांला सांगता आली असती. मत्स्यावतारापासून मत्स्यन्यायापर्यंतचे सर्व संदर्भ तोंडावर होते. समोर तडफडणाऱ्या जिवाचे नाव मात्र चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. थोड्या अंतरावर एक वृद्ध भोई आपले जाळे झटकत होते. ते उठून आले, माशाकडे पाहिले आणि म्हणाले, "कोळस हाय ह्यो. आता कुठं गावतोय असला."

घरी येऊन आम्ही शोध घेतला. प्राणिशास्त्रात या माशाचे नाव 'हिप्सेलोबार्बस कोलस' असे आहे. त्यातला पहिला शब्द विद्वानांनी घडवलेला. दुसरा त्या वृद्धांनी उच्चारलेलाच. १८३९ साली तो लंडनमध्ये छापला गेला आणि तेव्हापासून जगभर या माशाची ओळख त्याच मराठी शब्दाने होते. तो मराठी शब्द आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या कानांवर त्या दिवशी प्रथम पडला. हा लेख त्या शरमेतून निघाला आहे.

गळ टाकून पाण्याकाठी स्वस्थ बसणे हा साहेबी छंद आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती निराधार नाही. इंग्रजीत या छंदाभोवती लेखनाची एक शाखाच उभी आहे. आयझॅक वॉल्टनचे या विषयावरचे पुस्तक १६५३ सालचे. ते इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून आजही वाचले जाते. अमेरिकेत शरद ऋतू लागला की गावोगावच्या तळ्यांवर 'बास' नावाच्या माशाच्या मागे माणसे लागतात, आणि त्यावर मासिके चालतात. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ही हौस सोबत आणली. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १८७३ साली निघाले. आपल्याकडे पाहावे तर वाक्प्रचारांत गळ आहे, गळाला लागणे आहे, पाण्यात राहून माशाशी वैर आहे; पण गळ घेऊन बसलेल्या माणसाचे गद्य शोधू लागल्यास अनेकांना प्रथम आठवते ते पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' (१९६५), आणि तो तर हेमिंग्वेच्या कादंबरीचा अनुवाद.

तरीही ही समजूत अपुरी आहे. एम. ए.च्या कोणत्याही विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' हे नाव परिचित असते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या या संस्कृत ग्रंथाचा काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा त्यातला उल्लेख आपण मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात शिकवतो. ओवीचा पुरावा मिळाला की आपले त्या ग्रंथातले काम संपते. त्याच ग्रंथात राजाच्या नाना विनोदांबरोबर 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, आणि ते सर्वस्वी गळाने मासे धरण्याविषयी आहे. समुद्रातले मासे आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, अशी वर्गवारी तिथे आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालून एका जागी येण्याची सवय लावावी, दोर कसा असावा, काठी कशी असावी, गळ कसा टाकावा, हे सारे राजाने सांगितले आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ते शास्त्रीय जगाच्या नजरेस आले. या ग्रंथाची छापील आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९२५ पासून निघू लागली. तिचे संपादक श्रीगोंदेकर. शिरूरला घोडनदीच्या काठी उभे राहिले तर पलीकडचा तीर नगर जिल्ह्याचा, आणि श्रीगोंदे तालुका तिथून दूर नाही. एवढ्या जवळची ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमाने कधी आमच्यापर्यंत पोहोचू दिली नाही. दोष अभ्यासक्रमाचा म्हणावा तर तो शिकवणारेही आम्हीच.

'मानसोल्लासा'तली माशांची नावे संस्कृत वळणाची आहेत. नदीकाठच्या बोलीतली नावे मोठ्या संख्येने कागदावर यायला आणखी सातशे वर्षे जावी लागली, आणि तो योग शिरूरच्या आसपासच जुळून आला. वसईच्या तहानंतर (१८०२) पेशव्यांसाठी म्हणून ठेवलेल्या इंग्रजी तैनाती फौजेची छावणी घोडनदीच्या काठी शिरूरला पडली. १८१७ची अखेरची रात्र चालून १ जानेवारी १८१८च्या सकाळी कोरेगावला पोहोचलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली होती. पेशवाई संपली, मुलूख कंपनीकडे आला, आणि नव्या मालकाला आपण काय मिळवले आहे याची मोजदाद करावीशी वाटली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२४ साली, विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमणूक झाली. जमीन, पिके, लोकसंख्या, पाऊस यांच्या नोंदी हे त्याचे नेमून दिलेले काम. पण त्याचा पिंड निसर्ग-अभ्यासकाचा होता. त्याने पक्षी टिपले, प्राणी टिपले, आणि भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांवर हिंडत मासे टिपले. १८३१ साली तो मायदेशी परतला. पुढे दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेपुढे १८३८ साली आला. त्याचा सारांश १८३९ साली छापला गेला आणि चित्रांसह सविस्तर स्वरूपात तो १८४१ साली निघाला.

त्या निबंधात चाळीसहून अधिक माशांची वर्णने आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना साइक्स शास्त्राच्या दृष्टीने प्रथमच नाव देत होता. नाव देण्याचा अधिकार अशा वेळी सर्वस्वी लेखकाचा असतो. त्या काळी लॅटिन किंवा ग्रीक विशेषण लावणे, अथवा एखाद्या स्नेह्याचे वा वरिष्ठाचे नाव माशाला देणे, ही रीत होती. साइक्सनेही ती काही ठिकाणी पाळली. यॅरल, ऑगिल्बी, व्हिगर्स ही लंडनची मंडळी आमच्या नद्यांतल्या माशांच्या नावांत जाऊन बसली आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याने निराळेच केले. काठावरच्या कोळ्या-भोयांनी जे नाव सांगितले तेच त्याने रोमन लिपीत उतरवून माशाचे शास्त्रीय नाव म्हणून मुक्रर केले. पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला मोठा मासा खुद्री झाला. असेच कोलस, मुल्ल्या, बोग्गट, पोटेल, फुलुंगी, गोग्रा, शिंगटी, टाकरी. एका ठिकाणी तर गोत्राचे नावच 'रोहटी' आणि त्यापुढे जातीचे नाव ऑगिल्बीसाहेबाचे. भोई आणि लंडनचा विद्वान एकाच नावात शेजारी बसलेले. आणि शिरूरपाशी घोडनदीत मिळालेल्या माशाला त्याने नाव दिले 'मुसुल्ला'.

या नावांकडे मराठी कानाने पाहिले की ती लगेच बोलू लागतात. 'नुक्ता' नावाचा एक मासा साइक्सला इंद्रायणीत चाकणजवळ मिळाला. या माशाच्या तोंडावर नाकाच्या जागी खोल खाच असते. ती पाहिल्यावर 'नकटा' याहून दुसरा शब्द सुचत नाही. 'गोग्रा' म्हणजे घोगऱ्या. बिनखवल्यांचे काट्याचे मासे पाण्याबाहेर काढले की काट्यांच्या घर्षणाने घुरघुरल्यासारखा आवाज करतात. तो घोगरा आवाज ज्याने ऐकला त्यालाच हे नाव सुचू शकते. 'शिंगटी'त शिंग आहे, आणि ते नाव आजही बाजारात चालते. पाहणाऱ्याचे डोळे, ऐकणाऱ्याचे कान आणि काटा टोचून घेतलेल्याचा अनुभव या शब्दांत साठलेला आहे. ही नावे ठेवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव निबंधात आलेले नाही. पालख्या वाहणारे आणि मासे धरणारे, एवढीच भोयांची ओळख त्या शतकातल्या सरकारी नोंदींत सापडते. ज्यांनी नावे दिली ते निनावी राहिले, आणि ज्याने ती टिपली त्याचे नाव प्रत्येक माशापुढे कायमचे लागले.

येथे एक तुलना सुचते. साइक्स ज्या वर्षी परत गेला त्याच वर्षी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापून पूर्ण झाला. मोल्सवर्थही लष्करातलाच. एकाच दशकात, एकाच राजवटीतले दोन लष्करी अधिकारी मराठी शब्द गोळा करीत होते. एकाच्या दिमतीला शास्त्रीमंडळ होते, दुसऱ्याच्या समोर जाळे घेतलेला भोई. मोल्सवर्थच्या कामाचा गौरव आपण करतो आणि तो योग्यच आहे. पण माशांच्या नावांपाशी आले की कोशकाराला अनेकदा 'एक प्रकारचा मासा' एवढ्यावर थांबावे लागते, कारण शब्द त्याच्यापाशी असतो आणि वस्तू नसते. साइक्सपाशी वस्तू होती. नाव, वर्णन, चित्र आणि नदीतले ठिकाण ही चारही एकत्र नोंदली गेल्यामुळे कोळस म्हणजे नेमके काय, हे आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही सांगता येते. मराठी शब्दसंग्रहाच्या इतिहासात साइक्सला आपण कुठेही जागा दिलेली नाही. तो प्राणिशास्त्राच्या विभागाचा, म्हणून आपला नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकले.

अर्थात साइक्सच्या पद्धतीला तिची मर्यादाही आहे, आणि ती नेमकी भाषेची आहे. रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ यांतला भेद मिटतो. ऱ्हस्वदीर्घाचाही भरवसा राहत नाही. छापील 'मुल्ल्या' वाचून मळ्या हा शब्द ओळखता येतोच असे नाही. 'पोटेल' हे पोटावरून आले की पाटलावरून, हे अक्षरांवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी ते नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकावे लागेल. शास्त्राने शब्दाचा सांगाडा सांभाळला आहे. त्याचा उच्चार सांभाळण्याचे काम काठावरच्या माणसाचेच होते, आणि तो उच्चार ऐकून लिहून ठेवण्याचे काम आपले.

उच्चार सुटला, ठिकाण सुटले, की नाव किती दूर भरकटू शकते, याचे उदाहरण शिरूरच्या त्या मुसुल्लाचेच आहे. दक्षिणेत कावेरी नदीत मदार असलेला एक प्रचंड महसीर आहे. गळ टाकणाऱ्या इंग्रजांनी त्याला जगभर प्रसिद्धी दिली. पण प्रसिद्धी मिळूनही त्याचे शास्त्रीय नाव नक्की नव्हते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी त्याला साइक्सचे 'मुसुल्ला' हे नाव जोडले. घोडनदीच्या माशाचे नाव कावेरीतल्या माशाला लागले आणि पुस्तकांतून तसेच चालू राहिले. पुढे संशोधकांनी मूळ वर्णन पुन्हा तपासले, तेव्हा साइक्सचा मुसुल्ला महसीर नव्हेच, तो कोळसाच्या गोत्रातला, हे स्पष्ट झाले. कावेरीच्या महसीराची खरी ओळख २०१८ साली पटली. केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेला 'टॉर रेमादेवीई' तो हाच.

याच गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे. मुळा-मुठेतला खुद्री हाही महसीरच. धरणांमुळे तो नाहीसा होईल या काळजीने लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याचे संवर्धन केंद्र उभारले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारखे जाणकार त्या कामात होते. कृत्रिम प्रजननाचा तो प्रयोग यशस्वी झाला आणि तिथली मत्स्यबोटुकली देशातल्या अनेक जलाशयांत सोडली गेली, कावेरीतही गेली. हेतू चांगला होता. पण कावेरीत या पाहुण्याची संख्या वाढत गेली आणि तिथला मूळचा मदारीचा महसीर ओसरत गेला. २०१८ साली त्याची ओळख पटली त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत दाखल झाला. पुण्याच्या पाण्यातले एक नाव चुकून कावेरीला गेले ते पुस्तकात दुरुस्त करता आले. मासा गेला, त्याची दुरुस्ती तितकी सोपी नाही. प्रत्येक नदीचे मासे तिचे असतात, हे नदीकाठच्या नावांनी आधीच सांगितले होते. एका घाटावरचे नाव दुसऱ्या घाटावर चालत नाही, तसा मासाही चालेलच असे नाही.

आता आमच्याच पाण्याकडे येऊ. साइक्सने पाहिलेली घोड आणि भीमा वाहत्या होत्या. खुद्री, कोळस, नकटा यांना वाहते पाणी आणि तळाशी गोटे-वाळू लागते. पावसाळ्यात ते प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात. १९६५ साली चिंचणीला घोड धरण झाले, १९८० साली भीमेवर उजनी पूर्ण झाले आणि दौंड तालुक्याच्या पूर्वेकडच्या टोकापर्यंत पाणी तुंबले. वरच्या अंगाला घोडेवर डिंभे, भीमेवर चासकमान. नदी अशी तुकड्यातुकड्यांनी तळे होत गेली. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुण्याचे सांडपाणी घेऊनच. वाळूउपशाने तळ खरवडला गेला, जलपर्णीने पृष्ठ झाकले. अशा साचलेल्या पाण्यात तग धरणारे मासे निराळे. तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला गेला. त्याच्या एका प्रसिद्ध जातीची मादी अंडी तोंडात बाळगते, त्यामुळे पिले वाचतात. स्थिर पाण्यात ती वर्षातून अनेकदा विते. रोहू आणि मृगळ हे उत्तरेच्या नद्यांतले मासे बोटुकलीच्या रूपाने जलाशयांत आले. आज भिगवणच्या मासळी बाजारात उभे राहिले तर साइक्सच्या यादीतले मासे शोधावे लागतात. चिलापीचे ढीग शोधावे लागत नाहीत.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि आमच्या एका सहकाऱ्याने तो घेतलाही. मासे बदलले तर नावेही बदलणारच. यात भाषेने रडण्यासारखे काय आहे? तिलापियाची चिलापी करून मराठीने ती आपलीशी केलीच की. उजनीत ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतल्या कितीतरी घरांची चूल या चिलापीवर पेटली. तिला उपरी म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार रविवारी हौसेने गळ टाकणाऱ्या पगारदारांना नाही. हा आक्षेप आम्हांला पटतो. चिलापी हा शब्द आम्हांला आवडतोही. परक्या शब्दाच्या अंगावर पहिल्याच अक्षरात मराठी कपडे चढले आहेत. भाषा जिवंत असल्याची ती खूण आहे.

पण एक फरक उरतो. चिलापी या शब्दाने मासा बाजारात ओळखता येतो. तो कसा दिसतो, कसा ओरडतो, कुठल्या खडकाखाली राहतो, हे तो शब्द सांगत नाही, कारण ते पाहून तो घडलेला नाही. नकटा आणि घोगऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून घडले. ते गेले की एक शब्द जातो आणि त्याबरोबर नदीविषयीची एक माहिती जाते, जी दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही. आपल्या विभागांनी गावोगाव विद्यार्थी पाठवून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, म्हणी जमवल्या, दैवतकथा जमवल्या. ते काम मोलाचे होते. त्याच गावांच्या नदीवर जाऊन तिथल्या माणसाला माशांची नावे विचारावीत, असे आम्हांला कधी सुचले नाही. लोकसाहित्य म्हणजे गाणे किंवा गोष्ट, अशी आमची व्याख्या होती. नाव ठेवणे हीच भाषेची पहिली निर्मिती, हे भाषाशास्त्राच्या तासाला सांगूनही आम्ही ते नदीपर्यंत नेले नाही.

त्या कार्तिकानंतर आमच्या रविवारच्या सामानात एक वही आली. तिचे नियम साधे आहेत. आपण नाव सुचवायचे नाही. मासा दाखवून किंवा चित्र दाखवून विचारायचे. जो उच्चार ऐकू येईल तो देवनागरीत जसाच्या तसा लिहायचा. नदी, घाट, महिना आणि सांगणाऱ्याचे अंदाजे वय टिपायचे. तो नको म्हणाला नाही तर त्याचे नावही लिहायचे, कारण साइक्सच्या निबंधात राहून गेलेली गोष्ट तीच होती. वहीची काही पाने भरली आहेत. मळ्या, शिंगटी, वाम, मरळ ही नावे कोणीही सांगतो. घोगऱ्या हे साठीच्या पुढच्या माणसांना आठवते. नकट्याचे चित्र पाहून एकाने, लहानपणी आजोबांच्या जाळ्यात पाहिल्याचे सांगितले. तो मासा आता संकटग्रस्त यादीत आहे. तरुण मुले चित्रे उत्सुकतेने पाहतात आणि मोबाइलमध्ये शोधून आम्हांलाच त्यांची इंग्रजी नावे सांगतात.

ज्या वृद्धांनी कोळस ओळखला त्यांना आम्ही पुढच्या वर्षी निबंधाची छापील प्रत नेऊन दाखवली. नावावर बोट ठेवून 'कोलस' असे वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. "कोलस न्हाई, कोळस," ते म्हणाले, आणि आम्हांला ते तीनदा म्हणायला लावले. मग चित्र जवळ धरून बराच वेळ पाहत राहिले आणि शेपटीकडचा भाग बरोबर काढला आहे, असा अभिप्राय दिला.

मुसुल्लाविषयी मात्र आम्ही अजून रिकाम्या हाताने आहोत. शिरूरच्या नदीवर, पुलाखाली, भोईवस्तीत, चिंचणीच्या काठावर, जिथे जिथे विचारले तिथे चित्र पाहून लोक वेगवेगळी नावे सांगतात, पण या नावाच्या जवळपास जाणारा उच्चार कोणाकडून आला नाही. ज्या गावाच्या नदीवरून हे नाव लंडनला गेले आणि तिथून चुकून कावेरीपर्यंत हिंडून आले, त्या गावात ते आम्हांला सापडलेले नाही. ते मसाळा असेल, म्हसळा असेल, किंवा आज कोणाच्याच ध्यानात नसलेला तिसराच शब्द असेल. वहीत त्या चित्राखालची ओळ कोरी ठेवली आहे. भीमेच्या, नीरेच्या, कुकडीच्या काठच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या वाचकांपैकी कोणाला ती भरता आली तर आम्हांला कळवावे. आम्ही येत्या रविवारी पुन्हा घोडेवर जाणार आहोत. या खेपेस दौंडच्या वरच्या अंगाला, जिथे ती भीमेला मिळते.